हरवलेली तहान, ओसरते बळ

वार्धक्याविषयी बालरोगतज्ज्ञाने लिहावे, हे प्रथमदर्शनी थोडे विपरीत वाटेल. संपादक मंडळाने हा विषय माझ्याकडे सोपवल्याचे कळताच एका फिजिशियन मित्राने "आता आजोबांनाही बाळगुटी देणार वाटतं!" अशी थट्टा केली. परंतु बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात मूल कधी एकटे येत नाही. आई-वडील दोघेही नोकरीवर. तापाने फणफणलेल्या नातवाला घेऊन येते ती आजी, नाहीतर आजोबा. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी इंदूरमध्ये मुले तपासतो आहे आणि टेबलापलीकडच्या खुर्चीवर बसलेली ही वडीलधारी मंडळीही तितकीच वर्षे पाहतो आहे. एकेकाळी नातवाला कडेवर घेऊन जिना चढणाऱ्या आजी काही वर्षांनी धाकट्या नातवाला घेऊन येतात, तेव्हा खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेबलावर टेकतात. त्यांच्या पोटऱ्या बारीक झालेल्या दिसतात, चालणे मंदावलेले असते. कोणी त्याची तक्रार करत नाही. 'वय झालं' या दोन शब्दांत सारे निदान उरकले जाते.

एका उन्हाळ्यात जुलाबाने बेजार झालेल्या दीड वर्षाच्या नातवाला घेऊन एक आजी आल्या होत्या. रात्रभर त्यांनी बाळाला चमच्याचमच्याने ओआरएस पाजले होते, किती वेळा पाजले, किती वेळा लघवी झाली, सारा हिशेब त्यांच्याकडे होता. मी सहज विचारले, "आजी, बाळाचं सगळं चोख केलंत. तुम्ही स्वतः सकाळपासून किती पाणी प्यायलात?" त्या हसल्या. "अहो डॉक्टर, तहानच लागत नाही हो आता. आणि प्यायलं की सारखं उठावं लागतं."

या दोन वाक्यांत वृद्धांच्या निर्जलीकरणाचे जवळजवळ संपूर्ण शास्त्र आले आहे.

पहिले वाक्य तहानेचे. रक्तातील पाणी कमी होऊन क्षारांचे प्रमाण वाढले की मेंदूतील हायपोथॅलॅमसला त्याची वर्दी मिळते, तहान लागते आणि त्याच वेळी मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा आदेश जातो. वय वाढते तशी ही वर्दी उशिरा पोहोचते. १९८४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटासा, पण गाजलेला अभ्यास आहे. सात तरुण आणि ६७ ते ७५ वयाचे सात निरोगी वृद्ध पुरुष यांना चोवीस तास पाणी दिले नाही. नंतर सर्वांपुढे पाणी ठेवले. वृद्धांच्या रक्तात पाण्याची तूट अधिक स्पष्ट दिसत होती. तरीही त्यांना तहान कमी जाणवली आणि ते पाणीही कमी प्यायले. ही माणसे आजारी नव्हती, विसराळू नव्हती. त्यांची तहानच बोथट झाली होती. त्याच वयात मूत्रपिंडांची लघवी दाट करण्याची, म्हणजेच पाणी वाचवण्याची क्षमताही घटलेली असते. म्हणून 'तहान लागेल तेव्हा प्या' हा तरुणांना पुरेसा असलेला सल्ला सत्तरीनंतर पुरत नाही.

दुसरे वाक्य उठण्याचे, आणि माझ्या मते आपल्या समाजात तेच अधिक महत्त्वाचे आहे. वृद्ध स्त्रिया पाणी पीत नाहीत, याचे कारण पुष्कळदा अज्ञान नसून भीती असते. लघवी अडवून धरता येत नाही, खोकताना कपडे ओले होतात, रात्री तीन वेळा उठावे लागते, अंधारात पाय घसरण्याची धास्ती असते, गुडघ्यांमुळे भारतीय पद्धतीच्या शौचकूपात बसता येत नाही. पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असतो. त्यावर त्यांनी आपापला उपाय शोधलेला असतो आणि तो म्हणजे पाणी तोडणे. संध्याकाळी सानंद न्यासाचे नाटक असले की दुपारपासून पेला तोंडाला न लावणाऱ्या कितीतरी काकू आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. लग्नकार्य, प्रवास, गणेशोत्सवातील कार्यक्रम, सर्वत्र हाच नियम. ही गोष्ट त्या डॉक्टरांना सांगत नाहीत, सुनेला तर नाहीच. विचारल्याशिवाय ती कळत नाही आणि आपण डॉक्टर मंडळी ती फारशी विचारत नाही.

याच पिढीविषयी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. १९७० साली या शहराने नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन उभारले. यशवंत सागर आणि बिलावली यांच्या भरवशावर वाढते शहर जगणार नाही, हे ओळखून विद्यार्थी, प्राध्यापक, व्यापारी, गृहिणी असे सारे रस्त्यावर उतरले होते. १९७८ साली जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरचे अंतर आणि विंध्याचा चढ ओलांडून नर्मदा इंदुरात आली. त्या आंदोलनात विशीत असलेली मंडळी आज पंचाहत्तरीत आहेत. ज्यांनी पाण्यासाठी घोषणा दिल्या, त्यांच्याच उशाशी भरलेला तांब्या सकाळपर्यंत तसाच राहतो.

पाण्याचा साठा कोठे असतो?

आम्हा बालरोगतज्ज्ञांना शरीरातील पाण्याचे गणित पाठ असते. नवजात अर्भकाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो. प्रौढ पुरुषात तो ६० टक्क्यांच्या आसपास येतो आणि वृद्धापकाळी ५० टक्क्यांच्या जवळ उतरतो. स्त्रियांत आणखी कमी. हे कमी झालेले पाणी जाते कोठे? त्याचे उत्तर स्नायूंत आहे. स्नायूंचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो, चरबीत मात्र ते फारच थोडे. वयानुसार स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते, तेव्हा वजनकाट्यावर माणूस तोच दिसतो. पण त्याच्या घरातील हौद लहान झालेला असतो.

साठ किलो वजनाच्या तरुणाच्या शरीरात ३६ लिटर पाणी धरले, तर त्याच वजनाच्या पंचाहत्तरीच्या गृहस्थाकडे ३० लिटरच आहे. जुलाबात किंवा घामावाटे दोन लिटर गेले, तर तरुणाची तूट साडेपाच टक्क्यांची, वृद्धाची सुमारे पावणेसात टक्क्यांची. फरक कागदावर लहान दिसतो. पण दोन टक्क्यांच्या तुटीनेही थकवा येतो व लक्ष लागत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे तो लहान राहत नाही. म्हणूनच स्नायू आणि पाणी हे दोन वेगळे विषय नाहीत. स्नायू गेले की पाण्याचा साठा जातो. उलट बाजूनेही तेच. पेशीतील पाणी घटून पेशी आकसली की प्रथिनांची मोडतोड वाढते, असा सिद्धान्त जर्मन वैद्यक हॉयसिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला होता. कोरडा स्नायू थकतो, थकलेला माणूस बसून राहतो आणि बसून राहिलेल्याचे स्नायू आणखी वितळतात.

अर्भक आणि वृद्ध यांच्यात साम्य आहे खरे. दोघेही आपली तहान आपणहून भागवू शकत नाहीत. परंतु येथे एक सावधगिरीचा शब्द. आम्ही मुलांमध्ये निर्जलीकरण ओळखतो ते खोल गेलेल्या टाळूवरून, डोळ्यांवरून आणि पोटावरील त्वचेची चिमटी किती हळू पूर्ववत होते यावरून. वृद्धांत ही चिमटी फसवी ठरते. त्यांची त्वचा तशीही सैल असते. तोंड कोरडे पडण्याची कारणे औषधांपासून तोंडाने श्वास घेण्यापर्यंत अनेक असतात. लघवीचा रंगही भरवशाचा नाही. युरोपमधील क्लिनिकल न्यूट्रिशनच्या ईस्पेन या संस्थेच्या २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर वृद्धांमधील पाण्याची तूट ठरवण्यासाठी यांपैकी कोणत्याही खुणेवर विसंबू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यांच्या मते खरी कसोटी रक्ताच्या ऑस्मोलॅलिटीची. ती ३०० मिलिऑस्मोलच्या वर गेली की तूट आहे असे समजावे. प्रत्येक ठिकाणी ही तपासणी होणार नाही, हे मान्य. सोडियम, युरिया आणि ग्लुकोज यांवरून अंदाज बांधता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संशय मनात असणे.

हा संशय किती उपयोगी पडतो, ते घरातल्याच एका प्रसंगावरून सांगतो. माझी आत्या तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची होती. वजन जेमतेम त्रेचाळीस किलो, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, मुलगा-सून बाहेरगावी, सोबतीला दिवसा येणारी एक बाई. मे महिना होता. दोन दिवस पोट बिघडले म्हणून तिने जेवण सोडले आणि गोळी मात्र इमानेइतबारे घेतली. तिसऱ्या दिवशी ती मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागली. बोलणे असंबद्ध, चालताना तोल जात होता. शेजाऱ्यांना अर्धांगाचा झटका वाटला. फोनवरून भाचे-पुतण्यांपैकी कोणी 'विसरण्याचा आजार सुरू झाला असणार' असेही म्हणून मोकळे झाले. रुग्णालयात मेंदूचा स्कॅन झाला, तो वयाच्या मानाने ठीक होता. सोडियम निघाले १५४. क्रिएटिनिन १.३.

हा १.३ आकडा आपल्यापैकी पुष्कळांना किरकोळ वाटेल, म्हणून येथे थोडे थांबतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. ज्याच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते, तेथे १.३ म्हणजे मूत्रपिंडांचे काम निम्म्याहूनही खाली आल्याची निशाणी असू शकते. कृश वृद्धांच्या अहवालातील 'नॉर्मल' या शब्दावर विश्वास ठेवण्यापूर्वी वय आणि वजन घालून हिशेब करावा. औषधांच्या मात्रा त्यावरच ठरतात.

सोडियम सावकाश उतरवले गेले, चौथ्या दिवशी आत्या पूर्ण शुद्धीवर आली आणि परिचारिकेला मराठीतून 'चहात साखर कमी घाल गं' असे बजावू लागली. सर्वांना हायसे वाटले. पण खरा आजार घरी आल्यावर दिसला. नऊ दिवस ती अंथरुणावर होती. आजारापूर्वी स्वतः देवपूजा करणारी, कुंड्यांना पाणी घालणारी ही बाई आता पलंगाच्या काठावरून उभी राहू शकत नव्हती. बुद्धी ताळ्यावर, रक्ताचे अहवाल उत्तम, आणि पाय मात्र जणू दुसऱ्याचे. तिने मला विचारले, "माझे पाय परत येतील का रे?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याजोगे पुरावे वैद्यकाकडे आहेत. २००७ साली 'जामा'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या बारा निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस केवळ अंथरुणावर ठेवले गेले. कोणताही आजार नव्हता, जेवण व्यवस्थित होते. तरीही दहा दिवसांत त्यांच्या पायांतील मांसल भाग सुमारे एक किलोने कमी झाला. मग त्रेचाळीस किलोच्या आजारी बाईचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. दुसरा पुरावा उलट दिशेचा आणि अत्यंत आशादायक आहे. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजन उचलण्याचा व्यायाम दिला. जे नऊ जण अखेरपर्यंत टिकले, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. नव्वदाव्या वर्षीही स्नायू हाकेला ओ देतो, हे त्या दिवसापासून निर्विवाद झाले.

आत्याला पाय परत यायला चार महिने लागले. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीन दिवस येत असे; उरलेले दिवस सोबतीच्या बाईने तिला खुर्चीतून उठवणे-बसवणे नेमाने केले. पहिल्या आठवड्यात दोन वेळा, तेही आधाराने. दिवाळीच्या सुमारास ती गच्चीवर गेली. त्यानंतर लघवीची गोळी बदलण्यात आली आणि स्नानगृहात कमोडशेजारी धरायला दांडा बसवला. तो दांडा बसल्यापासून ती पाणी पुरेसे पिऊ लागली, ही गोष्ट मला औषधांच्या बदलाइतकीच महत्त्वाची वाटते.

सार्कोपेनिया

स्नायूंच्या या झिजेला १९८० च्या दशकाअखेरपर्यंत नावच नव्हते. अमेरिकन वैद्यक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८ मधील एका परिषदेत, या गोष्टीला नाव दिल्याखेरीज कोणी तिच्याकडे गांभीर्याने पाहणार नाही, अशा भावनेने ग्रीक शब्दांवरून 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. अर्थ, मांसाची उणीव. अमेरिकेत रोगांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २०१६ साली. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी एम.बी.बी.एस.च्या पुस्तकात हा शब्द वाचलेलाच नाही.

पन्नाशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर वर्षी साधारण एका टक्क्याने घटते, ताकद त्याहून वेगाने. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली आपल्या खंडातील लोकांसाठी जे निकष ठरवले, ते कोणत्याही दवाखान्यात वापरता येतील असे आहेत. पोटरीचा सर्वांत जाड ठिकाणचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल, तर शंका घ्यावी. मुठीची पकड पुरुषांत २८ किलो आणि स्त्रियांत १८ किलोच्या खाली असेल, तर ताकद कमी समजावी. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर तीही धोक्याची सूचना. पहिल्या कसोटीला शिंप्याची टेप लागते, तिसरीला घड्याळ. वाचकांपैकी जे साठीपुढचे आहेत, त्यांनी हा अंक खाली ठेवून भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर, शेजारी कोणी उभे असताना, ही तिसरी कसोटी करून पाहावी. मी स्वतः अद्याप साठीत नाही, पण करून पाहिली. निकाल समाधानकारक, गुडघ्यांनी मात्र निषेध नोंदवला.

आता आहाराकडे वळू, कारण येथे आपल्या घरांत बरेच काही करण्याजोगे आहे. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढांसाठी प्रथिनांची दैनंदिन शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम अशी केली. वृद्धांसाठी ती १ ते १.२ ग्रॅम असावी, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ पासून सुचवलेले आहे, कारण वयस्क स्नायू त्याच घासातून कमी बांधणी करतो. साठ किलोच्या माणसाला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. आता आपल्याकडील एखाद्या आजोबांचा दिवस पाहा. सकाळी चहा-खारी, नऊला पोहे, त्यावर इंदुरी शेव, रविवारी जिलबीही. दुपारी दोन पोळ्या, भाजी, तळ दिसेल इतके पातळ वरण आणि भात. चारला पुन्हा चहा. रात्री 'हलके हवे' म्हणून दूधभात किंवा साबुदाण्याची पेज. मी हा हिशेब अनेकदा मांडला आहे. तो ३० ते ३५ ग्रॅमच्या पुढे क्वचितच जातो. म्हणजे गरजेच्या निम्मा. चातुर्मासातील उपवास त्यात धरलेलेच नाहीत.

हे भरून काढण्यासाठी डबाबंद महागड्या पावडरी आणल्याच पाहिजेत, असे नाही. तीस ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणाच्या वाटीत सुमारे सात ग्रॅम प्रथिने असतात. पेलाभर दुधात सहा-सात. पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ. तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंधरा. मूठभर शेंगदाण्यांत सात. एका अंड्यात सहा. ज्यांना चालते त्यांनी जरूर खावे. पिठले, मुगाचे धिरडे, वालाची उसळ, ताक घातलेली कढी, हे सारे पदार्थ दात नसलेल्या तोंडालाही झेपतात. एकच दक्षता घ्यावी की प्रथिने तिन्ही जेवणांत वाटली जावीत; सारी दुपारी आणि रात्री केवळ पेज, असे नको. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

अर्थात नुसते खाऊन स्नायू बांधला जात नाही. त्याला ओझे लागते. सकाळी नेहरू पार्कात किंवा कॉलनीच्या बागेत गप्पा मारत फेऱ्या घालणे मनाला आणि हृदयाला हितकर आहे, पण मांडीच्या ताकदीसाठी अपुरे आहे. ज्या प्रांताने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले, तेथील मराठी माणसाला जोर-बैठकांचे महत्त्व नव्याने सांगायला नको होते. परंतु आपण वयाबरोबर आखाडा सोडतो आणि केवळ आठवणी ठेवतो. सत्तरीत जुन्या पद्धतीच्या बैठका काढाव्यात असे मी म्हणत नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या हातांत घेऊन कोपरे वाकवणे, भिंतीवर जोर काढणे, आणि हे सारे आठवड्यातून दोन-तीन दिवस, हळूहळू वाढवत. बाटल्यांचा आणखी एक उपयोग असा की व्यायाम झाल्यावर त्यातलेच पाणी प्यावे.

पाणी किती?

ईस्पेनची शिफारस सर्व पेये मिळून स्त्रियांना दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषांना २ लिटर अशी आहे. ती थंड हवेच्या देशांतील आहे. मालव्याच्या रात्री कितीही शीतल म्हणून नावाजलेल्या असल्या, तरी मे महिन्यातील दुपारी पारा ४२-४४ अंशांवर जातो. तेव्हा आणखी अर्धा-एक लिटर लागेल. चहा, ताक, दूध, पन्हे, सार, सारे यात धरावे. चहाने पाणी 'जाते' ही समजूत नेहमीच्या दोन-तीन कपांच्या बाबतीत खरी नाही. तहानेवर न विसंबता घड्याळावर विसंबावे. उठल्यावर एक पेला, प्रत्येक जेवणाबरोबर एक, प्रत्येक औषधाबरोबर घोटभर न घेता पूर्ण पेला, आणि मोठा भाग संध्याकाळी सहाच्या आत, म्हणजे रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. लघवी न थांबण्याच्या तक्रारीवर उपचार आहेत. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायामही आहेत. ते सांगणे हा आपला व्यवसायधर्म आहे.

ओआरएसविषयी बालरोगतज्ज्ञाने न लिहिणे अशक्य. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखर-पाण्याचे मिश्रण पिंपांतून वाटले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ते बालरोगतज्ज्ञ होते. पण ते मिश्रण केवळ मुलांनी नव्हे, आबालवृद्धांनी प्यायले होते. २०२२ साली ते निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आपल्या घरांत मात्र ओआरएस हे 'बाळाचे औषध' म्हणूनच राहिले. जुलाब झालेल्या आजोबांना आपण डाळिंबाचा रस, नाहीतर साखर घातलेला चहा देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी, पूर्ण एक लिटर पाण्यात, घोटघोट, हे वृद्धांनाही तितकेच तारक आहे. २०२५च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने साखरेच्या पेयांच्या वेष्टणावर 'ओआरएस' हे नाव वापरण्यास मनाई केली, ते योग्यच झाले. तरी खरेदी करताना सूत्र वाचून घ्यावे. मात्र जुलाब-उलटी नसताना ओआरएस रोजचे सरबत म्हणून पिऊ नये. एका लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ असते. रक्तदाबाच्या रुग्णाला ते परवडणारे नाही.

पाण्याच्या अतिरेकाचाही धोका आहे. हृदय दुर्बल झालेल्या, पायांवर सूज असलेल्या, मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णांनी वरील आकडे स्वतःला लावू नयेत. त्यांचे प्रमाण त्यांचे डॉक्टर ठरवतील. थायझाइड गटातील गोळ्या किंवा नैराश्यावरील काही औषधे घेणाऱ्या वृद्धांनी 'दिवसाला चार लिटर' अशा सल्ल्यांवरून भरमसाठ पाणी प्यायले, तर सोडियम खाली जाते आणि भ्रम त्याही वाटेने होतो.

व्यवसायबंधूंना एक विनंती. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, मार्चमध्ये, आपल्या पंच्याहत्तरीपुढील रुग्णांची औषधांची यादी एकदा उघडून पाहावी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या एसीई व एआरबी गटातील गोळ्या, मेटफॉर्मिन, मधुमेहाची नवी ग्लिफ्लोझिन गटातील औषधे, वेदनाशामके, यांतील कोणती औषधे जुलाब, उलटी किंवा ताप असलेल्या दिवशी थांबवायची आणि कोणाला फोन करून थांबवायची, हे त्यांच्या चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा अमेरिकेत असलेल्या घरांत ती चिठ्ठी सोबतीच्या बाईलाही वाचता आली पाहिजे; म्हणून तिची एक प्रत हिंदीतही असावी आणि ती फ्रिजच्या दारावर लावलेली असावी.